म्हाप्श्यातून घेतलेला एलएम३८८६ चा किट, एकदम मस्त

घरी स्वतः अ‍ॅम्प्लिफायर बांधायचाय त्यांच्यासाठी लिहितोय. म्हापसा मार्केटजवळच्या एका छोट्या पार्ट्सच्या दुकानातून एलएम३८८६ (अ‍ॅम्प्लिफायरची आयसी, म्हणजे चिप) चा स्टिरिओ किट घेतला, आणि आवाज काय सुंदर येतो हो, चवथीला आरत्या नि भजनं लावली तर तबल्याचा बायासुद्धा नीट भरून ऐकू येतो. पीसीबी (पार्ट्स बसवायची सर्किटची पाटी) जाड आहे, ग्राउंडचे ट्रॅक रुंद आहेत, आणि आउटपुटला रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी दिलीय, स्वस्त किटमध्ये हीच गाळतात आणि मग आयसी ऑसिलेट होते (इनपुट नसतानाही आपोआप कंप पावते). म्यूटची (आवाज बंद करायची) ८ नंबरची पिनही रेझिस्टरने मायनस सप्लायला जोडलेली आहे, ती मोकळी राहिली तर आवाजच येत नाही.

दुकानदार काका भले माणूस. ट्रान्सफॉर्मर २४-०-२४ (मधल्या वायरीच्या दोन्ही बाजूंना २४ व्होल्ट एसी) मागितला तर आधी विचारलं, स्पीकर किती ओमचे? ४ ओम म्हटल्यावर १८-०-१८ च हातात दिला, कारण २४ वाल्यातून डीसी साधारण ३४ व्होल्ट प्लस-मायनस येतो, ८ ओमला चालतो पण ४ ला आयसी फार तापते. असं सांगणारे कुठे मिळतात आता!

तक्रार एकच, अभ्रकाचा (वीज अडवणारा) तुकडा किटमध्ये नाही. साध्या एलएम३८८६टी ची पाठ मायनस सप्लायला जोडलेली असते, त्यामुळे हीटसिंकखाली अभ्रक आणि पेस्ट लागतेच, नायतर एलएम३८८६टीएफ (पाठ आधीच इन्सुलेट केलेली) घ्या. पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये साधा फिलामेंटचा बल्ब लावा. आणि पावसाळ्यात इथल्या दमट हवेत पीसीबीला लॅकर मारून ठेवा.