विद्यांजली पोर्टल: बाक-पंख्यांना उत्तम, गळक्या स्लॅबला अपुरे

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गावाने मदत गोळा करायची, याला शिक्षकांच्या बोलीत ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात. 7 सप्टेंबर 2021 रोजी सुरू झालेल्या विद्यांजली 2.0 या सरकारी पोर्टलमुळे हा उठाव गावाच्या वेशीबाहेर नेता येतो. पुण्या-मुंबईला गेलेला माजी विद्यार्थी घरबसल्या शाळेची गरज पाहतो आणि ‘हे मी देतो’ म्हणतो. कल्पना चांगली आहे, पण पोर्टलवर टाकले की शाळा दुरुस्त झाली असे समजणाऱ्यांची निराशा ठरलेली.

वापरायला सोपे आहे. शाळेची नोंदणी 11 अंकी यूडायस (देशभरातल्या शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) क्रमांकावर होते. मग गरज दोन प्रकारांत मांडायची: सेवा (शिकवणे, मार्गदर्शन) किंवा वस्तू. देणारा तयारी दाखवतो, शाळा ती स्वीकारते, वस्तू आल्यावर तशी नोंद करते. रोख रक्कम इथे चालत नाही आणि हा नियम फार शहाणपणाचा आहे. हिशेबाची निम्मी भांडणे तिथेच मिटतात. आलेली वस्तू मात्र त्याच दिवशी जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टर) चढवावी. मुख्याध्यापकांची बदली झाली की संपर्काचा मोबाइल नंबरही बदलावा, नाहीतर प्रस्ताव जुन्या माणसाकडे पडून राहतात.

मागणी कशी लिहिली यावर बरेच ठरते. ‘रंगरंगोटीसाठी मदत हवी’ या मागणीवर देणाऱ्याला काहीच कळत नाही. 20 बाय 16 फुटांची, 10 फूट उंच खोली धरा. चार भिंतींचे 720 चौरस फूट होतात, दारे-खिडक्या वजा जाता साधारण 600. एक लिटर इमल्शन दोन हातांत अंदाजे 60 चौरस फूट जाते, म्हणजे खोलीमागे 10 लिटर, प्रायमर वेगळा. असे लिहिले की देणारा दुकानदाराला फोन करू शकतो. बाकांचेही तसेच: 40 मुलांना दोनआसनी 20 बाक, पण पहिलीच्या मुलांसाठी उंची कमी हवी. नाहीतर पाय लोंबकळत राहतात.

बांधकामाशी गाठ पडली की पोर्टल तोकडे पडते. छत गळत असताना भिंती रंगवून घेणे ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. स्लॅब आणि कठड्याच्या सांध्यातली चीर बुजवलेली नाही, पन्हाळीत पाला अडकलेला, अशा खोलीतला नवा रंग एका पावसाळ्यात फुगून पोपडे धरतो. क्रम असाच हवा: छत, वायरिंग, गिलावा, शेवटी रंग. पण रंग फोटोत दिसतो, वॉटरप्रूफिंग दिसत नाही. म्हणून देणारे रंगाकडेच वळतात.

मोडकळीला आलेली खोली पाडून नवी बांधायची तर देणगीदार तयार असूनही भागत नाही. आधी जुन्या खोलीचे निर्लेखन (ती वापरातून अधिकृतपणे बाद करणे), जागेचा उतारा, कनिष्ठ अभियंत्याचे दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता. निर्लेखनाविना भिंत पाडली तर सरकारी मालमत्ता पाडल्याचा ठपका मुख्याध्यापकांवर. ही कागदपत्रे वर्षभर आधी तयार ठेवणारे गाव पुढे जाते, कारण पैसा जिल्हा नियोजन समितीकडून येवो, आमदार निधीतून येवो की कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीचा निधी), अंदाजपत्रक सगळ्यांनाच लागते.

त्याहून आधीचा टप्पा यूडायसचा. त्यात वर्गखोल्या तीन गटांत भरतात: चांगल्या, किरकोळ दुरुस्तीच्या, मोठ्या दुरुस्तीच्या. घाईत सगळ्या ‘चांगल्या’ भरल्या गेल्या की वरच्या कार्यालयाच्या लेखी शाळा ठणठणीत, मग ठराव कितीही पाठवा. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, ते शिक्षण हक्क कायद्यानेच. त्या पालकांनी भरलेल्या माहितीची प्रत मागून एकेक खोली प्रत्यक्ष ताडून पाहावी. तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करण्याचे कामही याच समितीचे. मागच्या आराखड्याची नक्कल तारीख बदलून लावली तर कंपनीचा माणूस दुसऱ्या पानावरच ओळखतो.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे संयुक्त शाळा अनुदान आहेच की, असे कोणी म्हणेल. 30 पर्यंत पटाला 10,000 रुपये, 31 ते 100 पटाला 25,000. त्यातला किमान 10 टक्के स्वच्छतेवर, उरलेल्यात वीजबिल, खडू, किरकोळ डागडुजी. स्लॅब यात बसत नाही. शिवाय विद्यांजलीवरून टीव्ही किंवा संगणक मागताना बिल कोण भरणार हे आधी ठरवा. वीज तोडलेल्या शाळेत झाकून ठेवलेला टीव्ही ही काही दुर्मीळ वस्तू नाही.

शौचालय आणि पाण्याची टाकी पोर्टलवर टाकण्याआधी ग्रामपंचायतीकडे जावे. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता, आणि अशी कामे ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घ्यायची तर ग्रामसभेत विषय मांडावा लागतो. देणगीदाराची ताकद अशा जागी खर्चू नये.

गुण द्यायचे तर बाक, पंखे, पुस्तके, खेळसाहित्य यांसाठी 5 पैकी 4. दुरुस्तीसाठी 2, तेही अंदाजपत्रक हाताशी असेल तर. नव्या खोलीसाठी पोर्टलवर वाट पाहत बसू नका, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव द्या आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घेऊनच बाहेर पडा.