हिवाळी चाकांसाठी कोरे टीपीएमएस सेन्सर आणि क्लोनिंगचं टूल: वापरून झाल्यावरचं मत

पहिल्यांदाच सांगते, चाकांचे दोन सेट (बर्फ पडतो तिथे एक उन्हाळी, एक हिवाळी) असतील तर दुसऱ्या सेटमध्येही टीपीएमएसचे, म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब मोजून गाडीला कळवणारे, सेन्सर टाकाच. हिवाळ्याची चाकं चढवली की डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा तो पिवळा लाईट लागतो आणि बरेच जण अख्खा सीझन तसाच गाडी चालवतात, उन्हाळी चाकं परत लावली की जाईल आपोआप म्हणून. पण टायरमधली हवा सगळ्यात जास्त उतरते ती नेमकी याच दिवसांत. २० डिग्रीच्या गॅरेजमध्ये ३३ पीएसआय भरलेला टायर बाहेर उणे १० मध्ये गार झाला की साधारण २८ वर येतो, कुठेही लीक नसताना. त्यात एखादा वॉल्व जरा जरी हवा सोडत असेल तर बर्फाच्या रस्त्यावर तुम्ही मऊ टायरवर चालवताय आणि सांगणारं कोणी नाही, कारण जो लाईट सांगणार होता तो आधीच लागलेला आहे.

तो लाईट नीट बघितला तर कळतं की दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. गाडी चालू केल्यावर लगेच लागला आणि तसाच राहिला तर हवा कमी आहे. आधी मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला तर सिस्टीमला सेन्सर सापडत नाहीयेत. बिनसेन्सरची हिवाळी चाकं लावलेल्या गाडीत हा दुसरा प्रकार होतो, आणि अशा वेळी खरंच पंक्चर झालं तरी डॅशबोर्डवर काहीही बदलत नाही. अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरपासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना आणि युरोपात १ नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या कार्सना ही सिस्टीम सक्तीची केली ती उगाच नाही.

खरेदीच्या आधी एक गोष्ट तपासा, तुमच्या गाडीत सिस्टीम कुठली आहे. काही गाड्यांच्या चाकात सेन्सर नसतोच, ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचे सेन्सर चाक किती वेगाने फिरतंय ते बघून हवेचा अंदाज घेतात, कारण हवा कमी झाली की टायरचा घेर किंचित कमी होतो आणि चाक जास्त फिरतं. अशी गाडी असेल तर काही विकत घ्यायचं नाही, चाकं बदला, हवा बरोबर भरा, मेन्यूत जाऊन रिसेट करा, संपलं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

आता मी जे घेतलं त्याबद्दल. ऑटेल कंपनीचे एमएक्स सेन्सर आणि त्यांचंच टीएस ५०८ टूल. सेन्सर कोरे येतात, म्हणजे त्यात आधी काहीच भरलेलं नसतं, टूलने तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष निवडून त्यात प्रोग्राम टाकायचा. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याचशा गाड्या ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि युरोपातल्या ४३३ वर, हे सेन्सर दोन्हीवर चालतात त्यामुळे चुकीची फ्रिक्वेन्सी आली ही कटकट नाही. याआधी एक स्वस्तातला बिननावाचा सेट आणलेला, त्यात दोन सेन्सर टूलला उत्तरच देईनात, म्हणून यावेळी नीट कंपनीचे घेतले आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

खरी मजा क्लोनिंगमध्ये आहे आणि याच कारणासाठी मी सगळ्यांना हेच सुचवते. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा एक आयडी असतो आणि गाडी फक्त ओळखीच्या आयडीचंच ऐकते. नवा आयडी गाडीला शिकवायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी, काही गाड्या थोडं चालवलं की आपोआप शिकतात, काहींना डायग्नोस्टिक पोर्टमधून लिहावं लागतं, जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) बऱ्याच गाड्यांत डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं अशा क्रमाने टूल लावत फिरायचं आणि प्रत्येक चाक पटलं की हॉर्न वाजतो. काही टोयोटा आणि लेक्ससमध्ये दोन सेट साठवायची सोय असते. पण तशी सोय नसेल तर वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि पुन्हा एप्रिलात, हे सगळं करत बसायचं किंवा त्यासाठी गॅरेजची वेळ घ्यायची. क्लोन केलं की उन्हाळी सेन्सरचाच आयडी हिवाळी सेन्सरमध्ये उतरवायचा, मग चाकं बदलली हे गाडीला कळतच नाही, जॅक खाली घेतला की निघालात.

करायला अगदी सोपं आहे. उन्हाळी चाक गाडीवरच असू द्या, टूलचं टोक वॉल्वच्या जवळ टायरच्या बाजूला टेकवा आणि ट्रिगर दाबा. टूल १२५ किलोहर्ट्झचा एक हलका सिग्नल देतं, त्याने आतला झोपलेला सेन्सर जागा होतो आणि स्क्रीनवर आयडी, हवेचा दाब, तापमान सगळं येतं. मग कोरा सेन्सर टूलच्या शेजारी ठेवून तोच आयडी त्यात लिहायचा, आणि लिहून झाला की लगेच परत वाचून बघायचा, टायर रिमवर चढायच्या आधी, कारण एकदा टायर चढला की चुकलेला सेन्सर बाहेर काढायला पुन्हा मशीनच लागतं. मी प्रत्येक सेन्सरला मास्किंग टेप लावून त्यावर डापु, उपु, डामा, उमा असं लिहिलं आणि तीच टेप नंतर रिमच्या आतल्या बाजूला चिकटवली. ज्या गाड्या चारही चाकांची हवा वेगवेगळी दाखवतात त्यांच्यात ही जागा जुळणं फार महत्त्वाचं, नाहीतर स्क्रीन म्हणते डावं पुढचं आणि हवा गेलेली असते उजव्या मागच्यातली.

टायर बसवणाऱ्याला आधीच सांगा की आत सेन्सर आहे. टायरची कड दाबून सोडवताना मशीनचा पंजा वॉल्वजवळ आला तर सेन्सरचा तुकडाच पडतो, वॉल्वच्या समोरच्या बाजूने सुरुवात करायची असते. चांगला कारागीर स्वतःच विचारतो.

वॉल्व रबरी आणि धातूचा असे दोन्ही मिळतात. हिवाळ्यासाठी मी रबरी घेतला. रस्त्यावर मीठ टाकतात तिथे अॅल्युमिनियमचा वॉल्व गंजतो, आणि त्यावर कोणी हौसेने पितळी टोपी लावली तर ती अशी धरून बसते की काढताना वॉल्वच तुटतो. टोपी प्लॅस्टिकचीच लावा. धातूचा असेल तर आतल्या वॉल्व कोरवर (हवा अडवणाऱ्या बारीक पिनवर) निकेलचा थर असलेलाच घ्या आणि टायर कधीही उतरवला तर रबरी वॉशर, नट, कोर नवीन टाका, किट मिळतं त्याचं.

चालवतानाचा अनुभव म्हणाल तर जसं उन्हाळ्यात होतं तसंच. लाईट नाही, लुकलुकणं नाही. हातातल्या गेजने मोजलं तर स्क्रीनवरच्या आकड्यात एखाद पीएसआयचा फरक, तो चालतो. कडाक्याच्या थंडीत सकाळी गाडी काढली की आकडे खाली असतात आणि हायवेवर थोडं गेलं की हळूहळू वर चढताना दिसतात, हे बघायला मला खरंच आवडतं, टायर तापतोय म्हणजे काय ते डोळ्यासमोर कळतं. हवा मात्र गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, टायर गार असतानाच भरा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा गार टायरचाच असतो.

खटकणाऱ्या गोष्टी पण सांगते. बॅटरी बदलता येत नाही, सेन्सरमध्ये ती सीलबंद असते, पाच ते दहा वर्षांनी अख्खा सेन्सरच नवा. हे सगळ्याच कंपन्यांचं आहे पण म्हणून पटत नाही. टूलचं पण तसंच, या प्रकारातली बहुतेक टूल्स वाचतात सगळ्यांचे सेन्सर, लिहितात मात्र आपल्याच कंपनीचे, त्यामुळे सेन्सर आणि टूल एकाच कंपनीचं घ्यावं लागतं. आणि क्लोन केल्यावर दोन्ही सेटचे आयडी एकच असतात हे लक्षात ठेवा, उभ्या चाकातले सेन्सर झोपलेले असतात पण हवा भरली की दाब बदलल्यामुळे जागे होऊ शकतात आणि गाडी त्यांचंच ऐकू शकते, म्हणून साठवलेल्या चाकात हवा भरायची असेल तर गाडीपासून लांब आणि गाडी बंद ठेवून.

एकच गाडी असेल तर टूल विकत घ्यायची गरज नाही, फक्त सेन्सर घ्या आणि टायरवाल्याला स्पष्ट शब्दांत सांगा की जुने आयडी क्लोन करून द्या, नुसतं सेन्सर लावून द्या म्हटलं तर तो नवे आयडी टाकून देईल आणि एप्रिलात पुन्हा त्याच्याकडेच जावं लागेल. घरात दोन गाड्या असतील, किंवा दोन-तीन मित्र मिळून घेणार असाल, तर टूल घ्याच.