एक छत्री, अठ्ठावीस घरं आणि पाण्यात गेलेले ८८,८०० रुपये

सोसायटीचा सेक्रेटरी मीच, त्यामुळे शिव्याही मीच खातोय. आमच्या गच्चीवर अठ्ठावीस घरांच्या अठ्ठावीस डीटीएच छत्र्या. वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, आधी हे जंगल काढा. तेवढ्यात 'कॉमन डिश'वाला आला. एक मोठी छत्री, गच्चीवर मल्टिस्विच, तिथून प्रत्येक घरात वायर. फ्लॅटमागे ३,५००, एकूण ९८,०००. मी तीन कोटेशनं मागवली होती, मिनिट्समध्ये नोंद आहे. कोणी 'सेक्रेटरीने खाल्ले' म्हणू नये!

५८,८०० अ‍ॅडव्हान्स. काम झाल्यावर त्याने घरोघरी डेमो दिला. इथेच माझे डोळे उघडायला हवे होते. पठ्ठ्या एका घरातला टीव्ही दाखवायचा, बंद करायचा आणि मगच पुढच्या घरात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अरे, माझा चालू राहू दे की." तर म्हणे, "सेटिंग बिघडेल, काकू." मी हसलो आणि ३०,००० चा चेक फाडला.

रात्री सगळ्यांचे टीव्ही लागले आणि निम्मे चॅनल गायब. सेट-टॉप बॉक्स काही चॅनलसाठी छत्रीला १३ व्होल्ट पाठवतो, काहींसाठी १८. मल्टिस्विच प्रत्येक घराची मागणी वेगळी सांभाळतो. सील केलेला डबा फोडला, तर आत साधे स्प्लिटर, नुसते एका वायरीला फाटे फोडणारे! एका घराने १८ वाला चॅनल लावला की बाकीच्यांचे १३ वाले गेलेच. वायर 'प्युअर कॉपर' लिहिलेली. फ्रिजवरचं लोहचुंबक तारेला लावलं, टप्पकन चिकटलं. तुम्ही पैसे देण्याआधी लावा. आणि डेमो सगळे टीव्ही एकदम चालू ठेवूनच घ्या.

पोलीस म्हणाले, "सिव्हिल मॅटर आहे." डीटीएच कंपनी म्हणाली, तो आमचा डीलरच नाही; मग त्याच्या टी-शर्टवर तुमचा लोगो कसा? यावर फोन कट. परत चौकीत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. चार चकरा झाल्या, साधी पोच मिळाली नाही. वर एक हवालदार म्हणतो, "एवढे शिकलेले, आणि पावती बघितली नाही?" पावती बघितली होती हो! जीएसटी नंबर तेवढा पोर्टलवर टाकला नाही. दोन मिनिटांचं, फुकटचं काम. आता टाकला, तर रजिस्ट्रेशन कधीच रद्द झालेलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण नोटीस पाठवायची कुठे? पावतीवरच्या पत्त्यावर बंद शटर आहे.

९,२०० तेवढे अडवून ठेवलेत. आणि त्या जुन्या अठ्ठावीस छत्र्या? "मी फुकट उतरवून नेतो" म्हणाला होता. टेम्पोत चढवायला आमचाच वॉचमन दिला मी.