त्सुरुनोयु, होशी की आओनी? डोंगरातलं रियोकान निवडताना

"जपानला चाललोय, एक रात्र गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या रियोकानमध्ये (म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी मुक्कामघरात) काढायचीय, कुठलं घेऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी उलटे तीन प्रश्न विचारते. अंधार चालतो का, मासे चालतात का, आणि अनोळखी बायकांसमोर (कधीकधी पुरुषांसमोरही) विनाकपडे पाण्यात उतरायची तयारी आहे का. फोटो सगळीकडचेच सुंदर असतात, त्यावरून काहीच ठरत नाही.

तोक्योजवळचं हाकोने मी बाजूलाच ठेवलंय. तोक्योतल्या शिंजुकू स्टेशनहून गाडीत बसलं की दीड तासात पोचतो, सोय उत्तम, पण ते आपल्या लोणावळ्यासारखं आहे, सुट्टीच्या दिवशी सगळं तोक्यो तिथेच. आडबाजूचं, रात्री नदीशिवाय आवाज नाही असं हवं असेल तर माझ्या यादीत तीन नावं आहेत आणि तिन्हीकडे मी राहिलेय.

त्सुरुनोयु उत्तरेला आकिता प्रांतात आहे, न्यूतो डोंगराच्या कुशीत सात रियोकान विखुरलीयेत त्यातलं सगळ्यात जुनं. आकिताच्या साताके घराण्यातला दुसरा सरदार १६३८ साली इथे उपचारासाठी आला होता, तेव्हा त्याचे पहाऱ्यावरचे सामुराई ज्या गवती छपराच्या लांबट घरात राहिले असं सांगतात त्याच घराच्या खोल्या आज मिळतात, मध्ये जमिनीत चूल, वर टांगलेली किटली. होशी ओन्सेन (ओन्सेन म्हणजे गरम झरा) गुन्मा प्रांतात, मिकुनी खिंडीच्या खाली साधारण ८०० मीटरवर, तिथे गाव वगैरे नाहीच, १८७५ पासून चोजुकान हे एकच रियोकान. आणि आओनी म्हणजे आओमोरी प्रांतातलं कुरोइशीजवळचं 'दिव्यांचं घर', १९२९ साली एका कवीने सुरू केलेलं, जिथे खोलीत वीज नाही, रॉकेलचा कंदील आहे, मोबाइलला रेंज नाही.

पोचण्याचं गणित सरळ आहे. होशी सगळ्यात सोपं, तोक्योहून शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) जोमो-कोगेन स्टेशन साधारण सव्वा तास, मग बस, सारुगाक्योला बस बदलायची, की दारात. बसेस कमी आहेत, वेळापत्रक आधी बघा, नाहीतर त्या छोट्या स्टेशनवर बसून राहाल. त्सुरुनोयुला कोमाची शिंकानसेन, ताझावाकोपर्यंत तीन तासांच्या आसपास, मोरिओकाला गाडीचे दोन भाग होतात आणि आपला अर्धा साध्या रुळांवरून डोंगरात हळूहळू शिरतो, तो पट्टा बर्फात इतका भारी दिसतो की मी मुद्दाम झोपत नाही. स्टेशनवरून बस आणि अल्पा कोमाकुसा नावाच्या स्टॉपवर रियोकानची गाडी घ्यायला येते, ती बुकिंग करतानाच सांगून ठेवायची. आओनीला मात्र शिन-आओमोरी, हिरोसाकी, मग छोटी खाजगी रेल्वे, मग बस, मग त्यांची व्हॅन असं करत अख्खा दिवस जातो. हिवाळ्यात तो डोंगरातला रस्ता खाजगी गाड्यांना बंद असतो, तेव्हा जाणार असाल तर आधी चौकशी केल्याशिवाय पुढची तिकिटं काढू नका.

आता पाणी, कारण शेवटी त्यासाठीच तर जायचं. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं पाहिलेल्या माणसाला गरम झऱ्याचं अप्रूप नसतं, मलाही नव्हतं, पण होशीच्या हौदाने माझं मत बदललं. १८९५ ची लाकडी इमारत, कमानीच्या खिडक्या, आत मंद पिवळा उजेड, आणि हौदाच्या तळाला फरशी नाहीच, नदीतले गोटे आहेत. पाणी कुठून पाइपने आणलेलं नाही, त्या गोट्यांमधूनच वर येतं, मधूनच बुडबुडा पायाला गुदगुल्या करून जातो. हौदाचे कप्पे पाडायला आडवे ओंडके टाकलेत, त्यावर मान टेकवायची आणि छताकडे बघत पडून राहायचं. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि फार कढत नाही त्यामुळे पाऊण तास सहज बसता येतं. त्सुरुनोयुचं पाणी उलट, दुधासारखं पांढरं, गंधकाचा वास, आणि एवढ्याशा आवारात चार वेगवेगळे झरे, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. बाहेर बर्फ पडतोय, डोक्यावर टॉवेलची घडी, खाली पांढरं पाणी, हे जे चित्र तुम्ही पाहिलंय ते इथलंच. आओनीत पाणी साधं, खरं सांगायचं तर तिन्हींत कमी लक्षात राहणारं, पण तिथली हिबा लाकडाची न्हाणी आणि तिचा वास, त्यात संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात वाफ हलताना बघणं, ते वेगळंच.

बायकांसाठी एक सूचना, गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. माझी जोडवी त्सुरुनोयुला अर्ध्या तासात कोळशासारखी झाली, सासूबाईंना फोटो पाठवला तर त्या आधी घाबरल्याच. पैंजण, जोडवी खोलीत काढून जा.

लाजेचा मुद्दा. तिन्हीकडे निदान एक हौद स्त्री-पुरुष एकत्र आहे आणि तिन्हीकडे बायकांसाठी वेगळी सोयही आहे, त्यामुळे घाबरून बेत रद्द करायची गरज नाही. पण फरक आहे. त्सुरुनोयुला पाणी पांढरं असल्यामुळे एकदा गळ्यापर्यंत बसलात की काहीच दिसत नाही, शिवाय बायकांचा वेगळा उघडा हौदही आहे. होशीला पाणी स्वच्छ, म्हणजे लपायला जागा नाही, तिथे रात्री ८ ते १० फक्त बायकांची वेळ असते, मी तेवढीच वापरली आणि तेवढी पुरली. पहिल्या पाच मिनिटांत सगळा संकोच जातो असं लोक म्हणतात, माझा वीस मिनिटांनी गेला. आधी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण अंघोळ, मग हौद, आणि छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, एवढं पाळलं की कोणी तुमच्याकडे बघत नाही. युकाता (रियोकानमध्ये घालायला मिळणारा सुती झगा) घालताना डावी बाजू वर, उजवी वर घेणं ही मयताची रीत.

जेवण मात्र अडचणीचं आहे आणि इथे मी गोड बोलणार नाही. शुद्ध शाकाहारी असाल तर तिन्ही अवघड. त्सुरुनोयुची खासियत म्हणजे डोंगरी कंदाचे गोळे घातलेलं मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं) कालवण, तो कंद आपल्या कोनफळाच्या कुळातला, ऐकून हुरळून जाल पण त्यात डुकराचं मांस असतं, आणि शेजारी काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेला नदीतला मासा. मांस काढून ठेवा म्हटलं तरी रश्शाला बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो, जपानी माणसाला तो 'मासा' वाटतच नाही. मासे खाणाऱ्याला तिन्हीकडे चैन आहे. नाही खात असाल तर माझं ऐका, हट्ट सोडा आणि वाकायामातल्या कोयासानला जा. तिथे मंदिरांमध्ये राहायची सोय असते, जेवण भिक्षूंचं, मासे-मांस तर नाहीच, कांदा-लसूणही नाही (कंदमुळं असतात, जैन मंडळींनी विचारून घ्या), आणि तिथल्या फुकुची-इन या मंदिरात गरम झऱ्याचं पाणीही आहे. गंमत म्हणजे कोयासान वसवणारे बौद्ध भिक्षू कोबो दाइशी, आणि होशीचा झरा सापडल्याची दंतकथाही त्यांच्याच नावावर.

पैशाचं एकच सांगते, कारण इथे आपले लोक हमखास फसतात: भाव खोलीचा नसून माणशी असतो, त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरलेला, वर साधारण १५० येन स्नानकर. चौघांचं कुटुंब असेल तर चौपट करून बघा आणि मग बसा. रात्रीचं जेवण सहाच्या आसपास ठरलेल्या वेळीच. एकदा एका ठिकाणी आम्ही साडेसातला पोचलो, मालकीणबाई काही बोलल्या नाहीत पण त्या चेहऱ्यासमोर घास उतरेना.

त्सुरुनोयुचं आणखी एक, दिवसा १० ते ३ बाहेरच्या लोकांनाही अंघोळीला सोडतात आणि तेव्हा तिथे जत्रा असते. फोटोतली शांतता हवी तर राहायलाच हवं, आणि खोली मिळायला कित्येक महिने आधी मागे लागावं लागतं. त्या मानाने होशीला आठवड्यातल्या मधल्या दिवशी लवकर जागा मिळाली मला.

तर पहिल्यांदाच जाताय, हातात आठ-दहा दिवस आहेत, सोबत आईबाबा आहेत, तर होशी, दुसरा विचार नको. फक्त लाकडी जिने आणि लांब बोळ आहेत, गुडघे दुखत असतील तर हौदाजवळची खोली मागून घ्या. नवराबायको दोघंच, जानेवारी-फेब्रुवारी, बर्फ बघायचाच आहे, तर त्सुरुनोयु, आणि जुन्या घरातली चुलीची खोली मिळाली तर सोडू नका, संडास बाहेर असला तरी. आओनी मी फक्त अशा माणसाला सांगते ज्याला रात्री आठनंतर काहीच न करता बसता येतं. लहान मुलं असतील तर अजिबात नको, कंदील हाताच्या अंतरावर टांगलेला असतो आणि चार्जिंगला प्लग नाही. मी गेले होते ऑक्टोबरमध्ये, पानं लाल झाली होती, नवरा नऊला झोपला आणि मी एकटीच कंदील घेऊन परत हिबाच्या न्हाणीत जाऊन बसले, दुसरं कोणी नव्हतं.