पाली शिकायची आहे: विद्यापीठात की साधना केंद्रात?

दर जूनमध्ये मला दोन-तीन फोन ठरलेले. "ताई, पाली शिकायचीय. विद्यापीठात फॉर्म भरू की विपश्यनेवाल्यांकडे जाऊ?" पाली म्हणजे बौद्ध ग्रंथांची जुनी भाषा, आणि विपश्यना ही बौद्ध ध्यानसाधना. (माझ्या आईला 'पालीचा क्लास' म्हटलं की अजूनही बल्लाळेश्वरच आठवतो, ते सोडा.) 2024 च्या ऑक्टोबरात मराठीच्या बरोबरीनं पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि विचारणारे वाढले. मी दोन्हीकडे बसले आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी कागदाचं उरकून घेऊ. नेट द्यायची असेल, पीएच.डी. करायची असेल, पुढे कॉलेजात शिकवायचं असेल तर विद्यापीठाला पर्याय नाही. पुणे, मुंबई, नागपूर इथं पालीचे विभाग आहेत आणि प्रमाणपत्रापासून एम.ए.पर्यंत शिकता येतं. यूपीएससीच्या आशेनं येणार असाल तर मात्र थांबा, वैकल्पिक विषयांच्या यादीतून पाली 2013 मध्येच गेली. पदवी नको, फक्त भाषा हवी असं ज्यांचं आहे त्यांच्यासाठी पुढचं.

विद्यापीठातला पहिला महिना विभक्त्यांचा. 'बुद्धं सरणं गच्छामि' फळ्यावर येतं आणि 'बुद्धं' ही द्वितीया, 'गच्छामि' हे प्रथम पुरुष एकवचन, अशी त्याची चिरफाड होते. संस्कृतातून आलेली मुलं खूश असतात, कारण इथं द्विवचन नाही आणि चतुर्थी-षष्ठीची रूपं बहुतेक ठिकाणी एकच. बारावीला 'स्कोअरिंग' म्हणून पाली घेतलेल्यांना हे निम्मं येत असतं. गंमत होते ती विहारात वाढलेल्या मुलांची. पंचशील त्यांना चालता-बोलता पाठ. माझ्या शेजारी बसणारा एक जण 'पाणातिपाता वेरमणी' लहानपणापासून म्हणत आला होता, पण 'पाणातिपाता' ही पंचमी आहे हे त्याला पंचविसाव्या वर्षी कळलं. प्राणघातापासून दूर राहण्याचा नियम, आणि शेवटी 'समादियामि', म्हणजे तो मी स्वतःहून घेतो. "मला वाटायचं ही आज्ञा आहे," तो म्हणाला. त्या दिवशी सरांनी शीलाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, फक्त प्रत्यय सांगितला होता.

सगळ्यांचा अनुभव असा नसतो. त्याच वर्गातल्या एका मुलीचं म्हणणं होतं की रूपं चालवून चालवून सुत्ताचा (बुद्धाच्या उपदेशाचा) जीव जातो. दुसऱ्या एका विभागात मी पाहिलंय, गाथा वाचण्याआधी एका मावशींनी हात जोडले तर शिकवणारे गालात हसले. मावशी पुढच्या आठवड्यापासून आल्याच नाहीत. तटस्थपणा दाखवण्याच्या नादात असा कोरडेपणा येतो आणि श्रद्धेनं आलेला विद्यार्थी तुटतो.

आता दुसरी बाजू. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र 1976 पासून आहे. तिथं 1985 मध्ये विपश्यना विशोधन विन्यास ही संशोधन संस्था सुरू झाली. छट्ठ संगायनेचं (भिक्खूंच्या सहाव्या परिषदेत तपासलेलं) तिपिटक, म्हणजे पाली धर्मग्रंथांचा संग्रह, देवनागरीत छापून आणि संगणकावर आणून त्यांनी मोठं काम केलं आहे. विद्यापीठातली पोरंही मोबाइलवर तेच उघडतात. या परंपरेतल्या निवासी पाली वर्गांत शिरताना साधनेची अट असते: आधी दहा दिवसांची शिबिरं केलेली हवीत, रोजची बैठक हवी, पंचशील पाळायचं. अटी बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीचा अर्ज नीट वाचा. शिबिर म्हणजे पहाटे चारला घंटा, आर्य मौन (बोलणं-खुणा सगळं बंद), वही-पेन बंद. फी नाही, शेवटी ज्याला जमेल त्यानं दान द्यावं.

तिथं शिकणाऱ्यांचं सांगणं एकच असतं: शब्द अंगात उतरतो. आणि ते खोटं नाही. 'अनिच्च' (अनित्य, न टिकणारं) हा शब्द विद्यापीठात मी परीक्षेसाठी लिहिला. केंद्रात गुडघा तासभर ठणकला आणि मग आपोआप शांत झाला, तेव्हा त्याच शब्दाचं वजन वेगळं लागलं. निवासी वर्गात दिवसभर दुसरा उद्योग नसल्यामुळे भाषाही झपाट्यानं येते. आठवड्यातून तीन तासांच्या वर्गात वर्षभरात जे होतं, ते तिथं काही आठवड्यांत होतं.

पण भाषा शिकवताना मूल्यंही शिकवायची म्हटलं की अर्थ आधीच ठरून येतो. एकाच शब्दावर हे सांगता येईल: 'वेदना'. मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पालीत सुखाचीही वेदना असते, दुःखाचीही आणि दोन्ही नसलेलीही. सत्यनारायण गोयंकांच्या, म्हणजे धम्मगिरीच्याच, परंपरेत तिचा अर्थ मुख्यतः शरीरावरची संवेदना असा घेतात, कारण साधनेचा पायाच तो आहे. सुत्तांत मात्र कायिक आणि चेतसिक (मनाची) अशा दोन्ही वेदना येतात. हे मी एका निवासी वर्गात विचारलं तर उत्तर मिळालं, "आधी अनुभव घ्या, मग प्रश्न राहणार नाही." साधनेत हे उत्तर चालेल. व्याकरणाच्या तासाला मला ते चाललं नाही. विद्यापीठात याच शब्दावर दोन तास वाद झाला होता, निकाल काही लागला नाही, पण कोश उघडायची सवय लागली.

महाराष्ट्रात यात तिसरा धागा गुंतलेला आहे आणि तो बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर इथल्या लाखो घरांत पाली आली ती वंदनेतून. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा कोश आणि व्याकरण यांवर काम केलं, ते त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यं मूळ शिकवणुकीतलीच आहेत का, असा सरळ प्रश्न टाकला. त्यामुळे आंबेडकरी घरातला विद्यार्थी साधना केंद्रात गेला की काही वेळा अवघडतो: इथं समाजाबद्दल कुणी का बोलत नाही? विद्यापीठात तो प्रश्न निदान विचारता येतो, मग वर्गात आवाज चढले तरी. विहारातले रविवारचे वर्ग या मुलांना सर्वांत जवळचे वाटतात, पण तिथलं शिकवणं पूर्णपणे शिकवणाऱ्यावर अवलंबून. चांगले भन्तेजी किंवा निवृत्त प्राध्यापक मिळाले तर सोनं, नाहीतर वंदनेच्या पुढं गाडी सरकत नाही.

"सरकारी विद्यापीठात धर्म शिकवतात का?" असंही पालक विचारतात. संविधानाच्या कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मात्र धर्माबद्दल अभ्यास करायला आडकाठी नाही, हा फरक सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केला. म्हणून विभागात तिपिटक वाचतात, शील घ्यायला लावत नाहीत.

बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींनी दोन्ही केलं. 1902 मध्ये ते सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) गेले, तिथल्या विद्योदय परिवेणात (भिक्खूंच्या विद्यालयात) श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होऊन शिकले, आणि 1912 पासून फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. आपल्याला तेवढं घरदार सोडायची गरज नाही, पण क्रम मी उलटा सुचवीन: आधी विद्यापीठाचं प्रमाणपत्र, मग शिबिर. अनुवाद स्वतः तपासता यायला लागला की केंद्रात सांगितलेला अर्थ परंपरेचा म्हणून आदरानं ऐकता येतो, एकमेव म्हणून गिळावा लागत नाही. साधना आधीपासून चालू असेल आणि प्रवचनातल्या पाली गाथा नि पदं समजावीत इतकीच इच्छा असेल, तर थेट केंद्राच्या वर्गाला जा, विद्यापीठात तुमचा विरस होईल. आणि शील, मौन, पहाटेची घंटा हे ऐकूनच ज्यांच्या कपाळावर आठ्या येतात, त्यांनी केवळ फुकट आहे म्हणून तिकडे जाऊ नये. दहा दिवस त्यांनाही जड आणि शेजारच्या आसनावरच्यालाही.

फॉर्म भरण्याआधी एक करा. दोन्हीकडे शिकवणाऱ्यांना गाठून विचारा, "वेदना म्हणजे नेमकं काय?" आणि उत्तर मिळाल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारून बघा.