रंकाळ्याची वही आणि ‘पास्ट’

रविवारी सकाळी सातला मी आणि बारावीची सात-आठ मुलं कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठी, संध्यामठाजवळ पक्षी मोजायला जमतो. एक दुर्बीण, एक वही. टिबुकली, वारकरी, पाणकावळा, वंचक, हळदी-कुंकू बदक. प्रत्येकापुढे चार उभ्या काड्या आणि पाचवी आडवी. दुसऱ्या रविवारी कळंबा तलाव. वही भरत गेली, पण ‘जास्त विविधता कुठं?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर एकच होतं : जाती मोजा.

ते उत्तर अपुरं होतं, हे मुलांना ‘पास्ट’नं दाखवलं. हे सॉफ्टवेअर मुळात जीवाश्म अभ्यासणाऱ्यांसाठी केलेलं. ओइविंड हॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ते मांडलं. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, फाइल उघडली की काम सुरू.

आधी सरावाला मी मुलांना दोन काल्पनिक तळी दिली. दोन्हींत पाच जाती, शंभर पक्षी. पहिल्यात प्रत्येकी २०. दुसऱ्यात एकटे वारकरी ८०, बाकीचे पाच-पाच. आकडे भरले, रकाने निवडले, ‘डायव्हर्सिटी इंडायसेस’ दाबलं. सिम्पसनचा निर्देशांक पहिल्याला ०.८०, दुसऱ्याला ०.३५. म्हणजे तळ्यातले कुठलेही दोन पक्षी उचलले तर ते वेगळ्या जातींचे निघण्याची शक्यता. शॅनन हा विविधतेचाच दुसरा निर्देशांक, तो १.६१ आणि ०.७८.

“मॅडम, पण जाती तर पाचच्या पाच हायत की!” मागच्या बाकावरून आवाज आला. मग शॅननचा आकडा e (सुमारे २.७१८) च्या डोक्यावर घातांक म्हणून चढवला : पहिलं तळं ५, दुसरं जेमतेम २.२. पाच जातींचं तळं दोन जातींच्या तळ्यासारखं वागतंय! वर्ग एकदम गप्प झाला. ती शांतता मला फार आवडली.

एक सांभाळा : इथं जाती आडव्या ओळींत आणि ठिकाणं उभ्या रकान्यांत लिहायची. आम्ही पहिल्यांदा उलटं भरलं. सॉफ्टवेअरनं तक्रार केली नाही, गुमान टिबुकलीची ‘विविधता’ काढून दिली. मेनू इंग्रजीत आहेत, म्हणून कुठलं बटण कशाचं हे मी मराठीत लिहून भिंतीला लावलंय.

आकड्याला पक्ष्यांची नावं कळत नाहीत, हेही मुलांना सांगावं लागतं. एखाद्या दुर्मीळ पाहुण्या जातीचे पक्षी जाऊन त्या जागी आधी नसलेले कावळे तेवढेच आले तर निर्देशांक जागचा हलणार नाही. शिवाय रंकाळ्यावर दोन तास आणि कळंब्यावर वीस मिनिटं घालवून तुलना केली तर ती खोटीच. आता दोन्हीकडे घड्याळ लावून एक तास मोजतो. केंदाळाच्या आड शिरलेले वारकरी बाहेर येईपर्यंत थांबायचं की नाही, यावर मुलांत अजून वाद चालू आहे.

जीवशास्त्र शिकवणाऱ्या कुणीही जरूर वापरावं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.