कॅमेरा की न सांगता चक्कर?

आत्याला इंदूरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं तेव्हा तिला तिथे कोणी त्रास देत नाही ना हे कळावं म्हणून दादाने रूममध्ये कॅमेरा लावला, मी म्हटलं आपणच न सांगता जात राहू. कॅमेऱ्याने पुरावा राहतो हे खरं, पण बाथरूममधलं त्यात दिसत नाही, आणि कपडे बदलताना आत्याला लाज वाटते ती वेगळीच. मी लोकमान्य नगरहून स्कूटरने कधी सकाळी, कधी ऐन जेवणाच्या वेळी जाते, एकदा बाही वर केली तर दंडावर बोटांच्या चार निळ्या खुणा, रेकॉर्डिंगमध्ये काहीच नाही! लगेच फोटो काढले, डॉक्टरांना दाखवलं, एल्डरलाइनला (ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन) १४५६७ वर फोन केला (फ्री आहे, सकाळी ८ ते रात्री ८). कॅमेरा राहू दे, पण एकच जमणार असेल तर प्लीज स्वतः जा, आणि आधी फोन करून अजिबात जाऊ नका.